लाकडात कोरलेला घराचा नकाशा : झरीना यांची भौमितिक काष्ठमुद्राचित्रं

आपल्या मंडळाच्या टिपणांमध्ये आजवर वाडे आले, देवळं आली, मोडी दफ्तरं आली, जुने हौद आणि बारवाही आल्या. आधुनिक चित्रकलेचा विषय मात्र सहसा कुणी काढत नाही. त्यातही 'अमूर्त' असा शब्द उच्चारला की निम्मी मंडळी चहाचं बघायला उठतात. 'नुसत्या रेघा आणि चौकोन, त्यात इतिहास कुठे आला?' असं एका ज्येष्ठ सभासदांनी मला सरळच विचारलं. प्रश्न रास्त आहे. तो मनात धरूनच हे टिपण लिहिलं आहे.

ज्या चित्रकर्तीबद्दल मी लिहिणार आहे, तिचा वडोदऱ्याशी थेट संबंध नाही. ती मराठी नव्हती. अलीगढला जन्मली, जगभर फिरली, न्यूयॉर्कला राहिली. तिचं नाव झरीना हाश्मी, पण चित्रांवर ती नुसतं 'झरीना' लिहायची. तिने लहानपणच्या घराचा आराखडा लाकडाच्या फळीवर कोरला, कागदावर छापला, आणि ते चित्र आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहे. जे घर आता आपल्या हातात नाही त्याची नोंद कशी ठेवायची, हा प्रश्न तिच्यापुढे होता. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि आता एकेक वाडा पडताना बघणाऱ्या आपल्यापुढेही तोच प्रश्न आहे. म्हणून हा विषय आपल्या अभ्यासात बसतो, असं मला वाटतं.

वुडकट म्हणजे नक्की काय

आधी तंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गुजरातेत राहणाऱ्यांना लाकडी ठशाची ओळख वेगळी करून द्यायला नको. गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर कापडछपाईसाठी सागाचे ठसे कोरतात, ते आपण बाजारात पाहिलेले असतात. जुने फुटके ठसे हल्ली दिवाणखान्यात शोभेला ठेवतात, तेच ते. वुडकट, म्हणजे काष्ठमुद्राचित्र, याच कुळातलं आहे. कापडाऐवजी कागद, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या बुट्टीऐवजी एक पूर्ण चित्र, इतकाच फरक.

सपाट रंधलेली फळी घ्यायची. जो भाग कागदावर पांढरा राहायला हवा तो सुरीने आणि गोल पटाशीने कोरून काढून टाकायचा. जो भाग काळा उमटायला हवा तो उंच तसाच ठेवायचा. मग रोलरने त्या उंच भागावर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचं किंवा दाबयंत्रातून काढायचं. कागद उचलला की छाप तयार. फळीवर जे उजवीकडे होतं ते कागदावर डावीकडे जातं, म्हणून चित्रात अक्षरं असतील तर ती फळीवर उलटी कोरावी लागतात.

यात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. काळ्यावर पांढरी रेघ हवी असेल तर पटाशी एकदा फिरवली की काम झालं. पण पांढऱ्यावर काळी रेघ हवी असेल तर ती कोरता येत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं सगळं लाकूड काढून टाकावं लागतं, तेव्हा कुठे ती एकटी उभी राहते. म्हणजे काळी रेघ काढायची म्हणजे तिच्या आजूबाजूचं सगळं घालवायचं.

एका फळीवरून अनेक छाप निघतात. चित्रकार ठरावीक प्रती काढतो आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने आकडा टाकतो. '५/२०' असं लिहिलेलं दिसलं तर वीस प्रतींपैकी ही पाचवी, असा अर्थ. त्यामुळे छापचित्राला 'नक्कल' म्हणू नये. प्रत्येक प्रत मूळच असते. एकाच पोथीच्या हस्तलिखित प्रती वेगवेगळ्या गावी सापडतात ना, जवळपास तसंच समजा.

लाकूड आणि भूमिती

आता चौकोन आणि रेघांकडे वळू. लाकडात भूमिती का शोभते, याची काही कारणं अगदी सुतारकामातली आहेत. फळीला रेषा असतात, म्हणजे झाड वाढताना धरलेली दिशा. त्या दिशेने सुरी सरळ पळते. आडवी फिरवली की अडते, लाकूड फुटतं. मी पॅकिंगच्या खोक्याची एक फळी घेऊन घरी करून पाहिलं. सरळ उभ्या रेघा तासाभरात झाल्या, पण एका छोट्या वर्तुळाने अख्खी दुपार खाल्ली. शिवाय पेन्सिलीच्या चित्रात असतात तशा करड्या छटा इथे येत नाहीत. एक तर काळं, नाही तर कोरं. त्यामुळे हे माध्यम आपणहूनच सपाट आकारांकडे आणि स्पष्ट कडांकडे जातं.

विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी हा गुण ओळखला. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली, तिच्या जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावर लियोनेल फायनिंगर यांचं काष्ठमुद्राचित्र होतं. कोनाकोनांत मोडलेलं कॅथीड्रल, वर तारे, सगळं सरळ रेघांत. हे काही फार लांबचं नाही बरं का. डिसेंबर १९२२ मध्ये बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन चक्क कोलकात्यात भरलं होतं. स्टेला क्रॅमरिश या कला-इतिहासकार त्या वेळी बंगालमध्ये होत्या, त्यांच्या पत्रव्यवहारातून ते जुळून आलं. फायनिंगर यांची काष्ठमुद्राचित्रं त्यात होती. म्हणजे लाकडात कोरलेली ही नवी भूमिती आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे.

याच बाउहाउसमध्ये शिकवणारे योसेफ आल्बर्स १९३३ साली अमेरिकेत गेले. त्यांनी १९४४ साली 'त्लालोक' नावाचं काष्ठमुद्राचित्र केलं. त्यात फळीच्या नैसर्गिक रेषा पार्श्वभूमीभर पावसासारख्या उमटू दिल्या आणि वर मोजक्या सरळ रेघांची आकृती ठेवली. त्लालोक हा मेक्सिकोतल्या जुन्या लोकांचा पर्जन्यदेव, हे कळलं की त्या रेषा वेगळ्याच दिसायला लागतात. ब्राझीलमध्ये लिजिया पापे यांनी १९५०च्या दशकात 'तेसेलारेस' ही मालिका केली. पातळ जपानी कागद, काळे पृष्ठभाग, त्यांत समांतर पांढऱ्या रेघा. मालिकेचं नाव विणकामावरून घेतलेलं आहे. एखाद्या साडीचा पोत जवळून बघावा तसं ते दिसतं.

जपानची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या जुन्या परंपरेत एक जण चित्र काढी, दुसरा कोरी, तिसरा छापी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही चित्रकारांनी ठरवलं की तिन्ही कामं एकानेच करायची. ओन्ची कोशिरो हे त्यांतले आघाडीचे, आणि त्यांनी १९१०च्या दशकातच लाकडात अमूर्त चित्रं केली. दुसऱ्या बाजूला हिरोशी योशिदा जुन्या पद्धतीची निसर्गचित्रं करत. १९३०-३१च्या सुमारास ते भारतात येऊन गेले, त्यांची ताजमहालाची काष्ठमुद्राचित्रं प्रसिद्ध आहेत. त्यांचे चिरंजीव तोशी योशिदा यांनी पुढे अमूर्त कामही केलं. या तोशी योशिदांच्या कार्यशाळेतच १९७४ साली आपली अलीगढची झरीना जाऊन पोचली.

अलीगढची मुलगी

झरीना यांचा जन्म १९३७चा. वडील शेख अब्दुर रशीद अलीगढ विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. घर विद्यापीठाच्या परिसरात. तिने चित्रकलेची पदवी घेतली नाही, गणिताची घेतली, १९५८ साली. त्याच वर्षी परराष्ट्र सेवेतल्या साद हाश्मी यांच्याशी लग्न झालं आणि सुरू झाली बदल्यांची नोकरी. पहिला मुक्काम बँकॉक. लाकूड कोरायला ती तिथे शिकली. पुढे पॅरिसला स्टॅन्ली हेटर यांच्या 'आतलिए १७' या नावाजलेल्या कार्यशाळेत. तिथे आपल्या आंध्रातले कृष्णा रेड्डीही होते. मग दिल्ली, मग टोकियो, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क. १९७७ साली पती वारले. ती न्यूयॉर्कलाच राहिली. मधल्या काळात आई-वडील कराचीला गेले होते. म्हणजे ज्या घरात वाढली ते अलीगढचं घर तर सुटलंच, पण 'माहेर' म्हणावं असं ठिकाणही सरहद्दीपलीकडे गेलं. एप्रिल २०२० मध्ये लंडनमध्ये तिचं निधन झालं.

दिल्लीतल्या वर्षांत, साधारण १९६८ नंतर, तिने एक निराळा प्रकार केला. फळी कोरण्याऐवजी लाकडाचे तुकडे एकत्र मांडायचे, त्यांना शाई लावायची आणि तसेच छापायचे. 'वॉल', 'केज' अशी त्या चित्रांची नावं. भिंत आणि पिंजरा. लाकडाच्या रेषा, भेगा, कडा, सगळं जसंच्या तसं कागदावर. या चित्रांत हात जवळजवळ दिसत नाही, दिसतं ते लाकूड. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कामाची पायाभरणी इथेच झाली. वस्तू कमीत कमी, रंग बहुतेक काळा, आणि कागदाला पूर्ण मान.

छत्तीस शब्दांचं घर

१९९९ साली तिने 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा छत्तीस काष्ठमुद्राचित्रांचा संच केला. 'घर म्हणजे परमुलूख' असं त्याचं मराठी करता येईल. प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द. घर, उंबरठा, दरवाजा, अंगण, भिंत, अंतर, सरहद, भाषा, असे एकेक अर्थ. शब्द एका कातिबाकडून नस्तालीक वळणात लिहून घेतलेले, आणि त्यांच्या जोडीला काळ्या-पांढऱ्यातली अगदी मोजकी आकृती. कुठे रेघ, कुठे चौकोन, कुठे छेदणाऱ्या रेषा.

तिची पद्धत अशी की आधी शब्द, मग चित्र. शब्द मनात धरायचा आणि त्याला कमीत कमी रेघांत बसवायचं. गणित शिकलेली बाई, तेव्हा हे तिला जमणारच. उंबरठ्यासाठी संपूर्ण दार काढायची गरज काय? आत आणि बाहेर यांच्यात काहीतरी आहे इतकं दाखवलं की पुरे. जे घर पाहिलेलंच नाही त्याचं बारीकसारीक चित्र बघणाऱ्याला बाहेर ठेवतं, कारण ते दुसऱ्याचं घर असतं. नुसता आराखडा असला की बघणारा आपलं घर त्यात ठेवतो. अमूर्त चित्राला इतिहासात काय काम, याचं एक उत्तर इथे आहे.

अलीगढच्या त्या घराचा आराखडा तिच्या कामात पुन्हा पुन्हा येतो. खोल्या, भिंती, मधलं अंगण, वरून पाहिल्यासारखं. इंजिनियरने काढावा तसा नकाशा, पण मोजमापं पट्टीने घेतलेली नाहीत, आठवणीतली आहेत. २००४च्या 'लेटर्स फ्रॉम होम' या संचात तो आराखडा आणि शहरांचे नकाशे थोरल्या बहिणीच्या उर्दू पत्रांवर छापलेले आहेत. बहिणीचं नाव राणी. ही पत्रं राणीने लिहिली, पण टपालात टाकलीच नाहीत, नंतर कधीतरी झरीनाच्या हाती दिली. घरातले मृत्यू, घर विकलं जाणं, असला मजकूर. पत्राच्या ओळी खाली आणि त्यांच्यावर भिंतींच्या काळ्या रेघा. वाचायला गेलं तर रेघा मध्ये येतात.

आणखी एक मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. आपली भाषा वाचणारे कमी होत चालले आहेत, याची तिला खंत होती. तिने उर्दू शब्द चित्रांत ठेवले ते शोभेसाठी ठेवले नाहीत, नोंद म्हणून ठेवले. वडोदऱ्यात मराठी घरात जन्मलेल्या आणि गुजराती किंवा इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांना 'माजघर', 'ओसरी', 'पडवी', 'परसू' हे शब्द विचारून पाहा. वस्तू गेली की शब्दही जातो. उर्दूतले घर, दरवाजा, सरहद हे शब्द तर मराठीतही जसेच्या तसे आहेत, म्हणून तो संच मला अर्धा आपलाच वाटतो.

एक रेघ, दोन देश

२००१ सालचं 'डिव्हायडिंग लाइन' हे तिचं सगळ्यांत जास्त बोललं गेलेलं काष्ठमुद्राचित्र. कागदावर वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी गेलेली एक काळी रेघ. बाकी काही नाही. ती भारत-पाकिस्तान सरहद्दीची रेघ आहे.

आता वर सांगितलेली ती गंमत आठवा. पांढऱ्यावर काळी रेघ कोरता येत नाही, तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढावं लागतं. झरीनाने तेच केलं. रेघ तशीच ठेवली आणि दोन्ही बाजूंचा मुलूख पटाशीने खरवडून काढला. आणि तो साफ गुळगुळीत केला नाही. पटाशीच्या खुणा, बारीक कपचे, कागदावर दोन्हीकडे विखुरलेले दिसतात. रेघ कायम ठेवण्यासाठी आजूबाजूला काय काय गेलं, ते त्या खुणांत दिसतं. हेच चित्र पेनने काढलं असतं तर नकाशातली एक रेघ झाली असती. लाकडात ते वेगळं होतं, कारण तिथे तंत्र आणि अर्थ एकच आहेत. हे एकदा कळलं की 'नुसती रेघ' म्हणणं अवघड जातं.

खरी रेघ आखणारे सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ला भारतात आले. त्याआधी ते इथे कधी आलेले नव्हते. जेमतेम पाच आठवड्यांत काम उरकलं, आणि निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर. त्या वेळी झरीना दहा वर्षांची होती. ती रेघ तिने कोरली ती चौसष्टाव्या वर्षी.

आपल्याकडच्या रेघांची तुलना फाळणीशी करू नये, हे मी आधीच सांगून टाकतो. तिथे माणसं मेली, गावंच्या गावं उठली. पण रेघ हलली की काय होतं, याचा थोडा अनुभव आपल्या लोकांनाही आहे. वडोदरा संस्थान १ मे १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १ मे १९६०ला हे शहर गुजरात राज्यात आलं. माझे आजोबा एकाच घरात, एकाच खुर्चीवर बसून तीन राजवटींचे रहिवासी झाले. बेळगावच्या मंडळींना १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख मी सांगायची गरज नाही.

२००३ साली झरीनाने नऊ काष्ठमुद्राचित्रांचा आणखी एक संच केला, हिंसेने उद्ध्वस्त झालेल्या शहरांचा. ग्रोझनी, सारायेवो, स्रेब्रेनिका, बैरूत, जेनिन, बगदाद, काबूल, न्यूयॉर्क. नववं शहर अहमदाबाद. न्यूयॉर्कचं चित्र म्हणजे काळ्यावर दोन उभ्या पांढऱ्या रेघा, एवढंच. बाकीच्या शहरांना नकाशांचा आधार आहे. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं शहर त्या यादीत बघताना मान खाली जाते. स्थानिक इतिहास लिहिताना आपण १९०० सालापर्यंत मोकळेपणाने बोलतो आणि पुढे आवाज बारीक करतो. तिने तसं केलं नाही.

आपल्या वडोदऱ्यात

झरीनाचा वडोदऱ्याशी संबंध नसला, तरी याच प्रश्नांवर इथेही काम झालंय. १९५० साली सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा सुरू झाली. चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख ना. श्री. बेंद्रे, जन्माने इंदूरचे मराठी. इंदूरच्या वाचकांना देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी म्हणून ते ठाऊक असतीलच. याच शाखेत ज्योती भट्ट घडले, ज्यांनी छापचित्रांत मोठं काम केलं आणि कॅमेऱ्याने गावोगावच्या रांगोळ्या आणि भिंतीवरची चित्रं टिपून ठेवली. ती घरं आज पुष्कळ ठिकाणी उरलेली नाहीत, फोटो उरलेत. इथेच शिकवणाऱ्या जेराम पटेल यांनी साठच्या दशकात लाकडाच्या फळ्या ब्लोटॉर्चने जाळून अमूर्त चित्रं केली. म्हणजे लाकडाशी झटापट इथेही झाली, फक्त पटाशीऐवजी आगीने.

आणि नसरीन मोहम्मदी. याही १९३७च्याच, जन्म कराचीचा. १९७२ पासून त्या वडोदऱ्यात शिकवत होत्या, शेवटपर्यंत. १९९० साली कोकणात किहीमला त्यांचं निधन झालं. त्या छापचित्रं करत नसत, शाई आणि पेन्सिलीने कागदावर अतिशय बारीक सरळ रेघा काढत. दोघींच्या कामात एक मोठा फरक आहे. नसरीनबाईंच्या रेघा कुठल्या जागेचा नकाशा नाहीत. झरीनाची रेघ मात्र कुठेतरी भिंत असते, नदी असते किंवा सरहद्द असते. अमूर्त भूमिती म्हणजे सगळं एकच, असा समज असेल तर या दोघींची चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आता आपण काय करायचं

आपल्या वाड्यांच्या नोंदी मी मागच्या काही महिन्यांत पुन्हा चाळल्या. दारावरची कोरीव गणेशपट्टी, खांबांवरची कमळं, झरोके, भित्तिचित्रं, यांचे फोटो भरपूर आहेत. तांबेकर वाड्यातली चित्रं बघायला तर बाहेरगावाहून लोक येतात. पण वाड्याचा आराखडा, म्हणजे कुठली खोली कुठे, जिना कुठून, विहीर कुठे, देवघराचं तोंड कुठल्या दिशेला, हे बहुतेक नोंदींत नाही. कोरीव खांब निदान जुन्या बाजारात विकत मिळतो. आराखडा वाड्याबरोबर पडतो आणि माणसांच्या डोक्यात शिल्लक राहतो. ती माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

आमचा वाडा पाडून वीस वर्षं झाली. मी ताईला आणि चुलतभावाला वेगवेगळं बसवून आठवणीतला नकाशा काढायला सांगितला. ताईच्या नकाशात स्वयंपाकघर सगळ्यांत मोठं निघालं, दादाच्या नकाशात गच्ची. जिना कुठल्या अंगाला होता यावर दोघांचं अजून एकमत नाही. मागची छोटी खोली दादाने काढलीच नाही. ताई म्हणाली, 'तू कशाला जाशील तिथे, ती बाजूला बसायची खोली.' हा तपशील कुठल्याच फोटोत नव्हता. झरीनाची घरं आठवणीतून का आली, आणि तिने रेघा इतक्या कमी का ठेवल्या, हे मला तिच्या चित्रांवरच्या लेखांपेक्षा या दोन कागदांनी जास्त समजावलं.

म्हणून सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि जुन्या घराचा आराखडा काढायला सांगा. चार गोष्टी पाळा.

पहिली, मोजपट्टी देऊ नका. खोली आठवणीत जेवढी मोठी आहे तेवढीच मोठी येऊ दे.

दुसरी, प्रत्येक जागेचं नाव घरात जे म्हणत तेच लिहून घ्या. 'हॉल' नको, ओसरी तर ओसरी, सोपा तर सोपा. गुजराती शब्द वापरत असतील तर तोच ठेवा, तोही इतिहास आहे.

तिसरी, एकाच घराचे दोघा-तिघांकडून नकाशे घ्या, त्यात बाईमाणसाचा एक तरी हवा. त्यांच्यातले फरक खोडू नका.

चौथी, कागदाच्या मागे काढणाऱ्याचं नाव, वय, तारीख आणि घर कुठल्या पोळीत किंवा पेठेत होतं ते लिहा.

यातले काही नकाशे पुढे खरोखरच लाकडात कोरता आले तर मला आनंदच आहे. माझ्या त्या खोक्याच्या फळीवर मी जुन्या वडोदऱ्याचा आराखडा कोरला, चौकोनी कोट, चार दरवाजे आणि मधोमध मांडवी. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. एका चौकोनात एकमेकांना छेदणारे दोन रस्ते. छाप काढल्यावर शेजारच्या काकू, ज्यांचा चित्रकलेशी काडीचा संबंध नाही, त्यांनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, 'मांडवी ना ही?' नाव लिहिलेलं नव्हतं.

नकाशे मंडळाकडे आणून दिलेत तर त्यांची नीट नोंद करून जपून ठेवू. मूळ कागद देववत नसेल तर फोटो पाठवलात तरी चालेल. पावसाळ्याआधी गोळा झाले तर उत्तम, कारण आणखी दोन वाड्यांना पाडण्याच्या नोटिसा लागल्याचं ऐकतोय, आणि तिथे राहिलेल्या एका आजींना आम्ही अजून भेटलेलो नाही.